लाँगबोर्डची चाके : निवड कशी करावी?

लाँगबोर्ड विकत घेणाऱ्याचे लक्ष प्रथम जाते ते फळीकडे. तिची लांबी, लाकडाचा लवचीकपणा, तिच्यावरील चित्र यांची चिकित्सा होते. खालची चार चाके मात्र 'बोर्डाबरोबर मिळाली ती' या न्यायाने स्वीकारली जातात. वस्तुतः रस्त्याशी संबंध येतो तो चाकांचाच. चारही चाकांचा मिळून जो थोडासा भाग जमिनीला टेकलेला असतो, त्यावर स्वाराचा वेग, तोल आणि थांबणे अवलंबून असते. सायकलीप्रमाणे लाँगबोर्डला ब्रेक नसतो. एक पाय जमिनीवर घासणे किंवा फळी आडवी करून चाके घसरवणे, हे थांबण्याचे दोन प्रमुख मार्ग. त्यांपैकी दुसरा मार्ग सर्वस्वी चाकांच्या गुणधर्मावर विसंबून असतो. त्यामुळे चाकांची निवड हा हौसेइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

चाक पारखताना मुख्यतः चार गोष्टी पाहाव्या लागतात : व्यास, काठिण्य, रुंदी व कडेचा आकार आणि मधला गाभा. या चारही गोष्टी परस्परांशी निगडित आहेत. एक वाढवली की दुसरीत काही ना काही सोडावे लागते.

लोखंडी चाकापासून युरेथेनपर्यंत

स्केटबोर्डचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९५० च्या दशकात झाला. समुद्राला लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावरच लाटांवर स्वार झाल्याचा आनंद मिळावा, म्हणून तेथील सर्फर मंडळींनी लाकडी फळ्यांना रोलर स्केटची चाके बसवली. ही चाके आरंभी धातूची होती. पुढे कठीण मिश्र पदार्थांची चाके आली. ती 'क्ले', म्हणजे मातीची चाके म्हणून ओळखली जात. दोन्ही प्रकारांत दोष एकच होता. चाक दबत नसे आणि रस्त्याला धरूनही राहत नसे. लहानसा खडा आडवा आला तरी चाक जागीच अडे आणि स्वार पुढे फेकला जाई. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर या खेळाची लोकप्रियता ओसरली, त्यामागे अशा अपघातांचाही वाटा होता.

चित्र पालटले ते पॉलियुरेथेनमुळे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लेव्हरकुसेन येथे या पदार्थाचे रसायन विकसित केले होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नासवर्दी या अमेरिकी तरुणाने व्हर्जिनियातील एका प्लास्टिक कारखान्यात रोलर स्केटसाठी बनविलेली युरेथेनची चाके पाहिली. ती त्याने स्केटबोर्डला लावून पाहिली आणि पुढे कॅलिफोर्नियात 'कॅडिलॅक व्हील्स' या नावाने विक्रीस आणली. ही चाके खड्यावरून जाताना किंचित दबत आणि वळणावर रस्ता धरून राहत. त्याच दशकाच्या मध्यास सुट्या छऱ्यांऐवजी बंदिस्त, अचूक बनावटीची बेअरिंग बसविलेली चाकेही बाजारात आली. आजच्या चाकाची मूळ रचना तेव्हाच सिद्ध झाली. रंग, आकार आणि रासायनिक घटक बदलले. तत्त्व तेच राहिले.

लांब फळीचा बोर्ड याच परंपरेतील. सॅन दिएगोतील ला होया येथे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या 'सेक्टर नाइन' यांसारख्या कंपन्यांनी त्याला स्वतंत्र बाजारपेठ मिळवून दिली. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली स्केटबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला, तो 'स्ट्रीट' आणि 'पार्क' या दोन प्रकारांपुरता. त्या खेळाडूंची चाके लहान आणि अतिशय कठीण असतात, कारण त्यांना गुळगुळीत पृष्ठभागावर उड्या आणि कसरती करायच्या असतात. दूरचित्रवाणीवर पाहिलेली ती चाके लाँगबोर्डसाठी आदर्श मानू नयेत.

व्यास : मोठे चाक, सुकर वाट

चाकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. कसरतीच्या स्केटबोर्डची चाके साधारणतः ५० ते ५६ मिलिमीटर व्यासाची, तर लाँगबोर्डची ६५ ते ८० मिलिमीटरची असतात. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी याहूनही मोठी चाके मिळतात.

मोठ्या चाकाचा पहिला लाभ अडथळे ओलांडताना जाणवतो. बैलगाडीचे चाक पुरुषभर उंच का, याचे उत्तरही हेच आहे. रस्त्यात ८ मिलिमीटर उंचीची कड आली, असे समजू. ५२ मिलिमीटरचे कठीण चाक थांबलेल्या स्थितीतून त्या कडेवर चढवायचे, तर त्याच्यावरील भाराइतकाच जोर आडवा लावावा लागतो. ७० मिलिमीटरच्या चाकाला त्या भाराच्या सुमारे आठ-दशांश, तर ९० मिलिमीटरच्या चाकाला सुमारे सात-दशांश जोर पुरतो. प्रत्यक्षात वेग आणि युरेथेनचा मऊपणा यांमुळे आकडे बदलतात. पण कल तोच राहतो.

दुसरा लाभ फेऱ्यांचा. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना ५२ मिलिमीटरचे चाक मिनिटाला सुमारे २०४० फेरे घेते. ७० मिलिमीटरचे चाक सुमारे १५१५. फेरे कमी म्हणजे त्याच वेगाला बेअरिंगचे फिरणेही कमी. एकदा गती आली की मोठे चाक ती अधिक काळ टिकवून धरते.

याची किंमतही मोजावी लागते. मोठे चाक जड असते. त्याला गती देण्यास अधिक जोर लागतो, म्हणून वारंवार थांबावे लागणाऱ्या वाटेवर ते थकवते. फळीही जमिनीपासून उंच जाते. पाय खाली टेकवताना गुडघा अधिक वाकतो आणि तोल सांभाळणे अवघड होते. शिवाय चाक फळीला घासण्याचा धोका वाढतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

स्थूलमानाने, आखूड फळीवर शहरात फिरण्यासाठी ६० ते ६५, घसरण्याच्या आणि नृत्यासारख्या पदन्यासाच्या प्रकारांसाठी ६५ ते ७२, उतारावरील वेगासाठी ७० ते ७५ आणि पायाने रेटत दूरवर जाण्यासाठी ७५ ते ८५ मिलिमीटर वा अधिक, असा हिशेब धरता येतो.

काठिण्य : आकड्यामागचा अर्थ

चाकावर ७८ ए, ८० ए, ८६ ए असे आकडे छापलेले असतात. हे काठिण्याचे माप. 'ड्युरोमीटर' नावाच्या उपकरणाची बोथट सुई पदार्थात ठराविक दाबाने रोवून ती किती रुतते ते पाहतात. अल्बर्ट शोअर यांनी १९२० च्या दशकात रूढ केलेल्या या पद्धतीतील 'ए' मापपट्टी शून्यापासून १०० पर्यंत असते. आकडा जेवढा मोठा, तेवढा पदार्थ कठीण.

लाँगबोर्डची बहुतेक चाके ७५ ए ते ८८ ए या पट्ट्यात येतात. ७५ ते ८० हा मऊ गट. तो खडबडीत रस्त्याचा थरथराट गिळतो आणि वळणावर पकड देतो. ८१ ते ८३ हा मध्यम गट. ८४ ते ८८ हा कठीण गट. त्याची चाके सहज घसरतात आणि तुलनेने सावकाश झिजतात. ९५ च्या पुढची चाके कसरतीच्या बोर्डासाठी असतात. ती डांबरी रस्त्यावर लावल्यास दातांपर्यंत हादरे पोहोचतात.

मऊ चाक हळू आणि कठीण चाक वेगवान, हा समज अर्धाच खरा आहे. गुळगुळीत फरशीवर कठीण चाक सहज धावते, कारण मऊ युरेथेन दबण्यात आणि पूर्ववत होण्यात ऊर्जा खर्ची पडते. खडबडीत रस्त्यावर मात्र उलटे घडते. तेथे कठीण चाक प्रत्येक उंचवट्यावर उडते आणि स्वारासकट बोर्ड वर-खाली होण्यात गती वाया जाते; मऊ चाक तो उंचवटा आपल्यात सामावून घेते. म्हणून काठिण्य ठरविण्याआधी आपला नेहमीचा रस्ता पाहावा.

काठिण्याच्या जोडीला चिवटपणा आणि उसळी हे गुणही महत्त्वाचे असतात. ते छापील आकड्यात दिसत नाहीत. ७८ ए असा एकच आकडा असलेली दोन कंपन्यांची चाके रस्त्यावर वेगळी वागतात, ती युरेथेनच्या घडणीमुळे. याची ढोबळ परीक्षा सोपी आहे. सुटे चाक हातभर उंचीवरून सिमेंटच्या जमिनीवर सोडावे. चांगले युरेथेन जोमाने उसळते; निकृष्ट प्लास्टिकचे चाक खडखडत लोळते. रंगावरून मात्र काही ठरवू नये. काही कंपन्या आपल्या मालात काठिण्यानुसार रंग देतात; तथापि सर्वांना लागू असा संकेत नाही.

स्वाराचे वजनही येथे जमेस धरावे लागते. ५० किलो वजनाच्या मुलीला ७८ ए चाक पुरेसे घट्ट वाटेल. ९० किलोच्या माणसाखाली तेच अधिक दबेल आणि मंद वाटेल. अशा वेळी दोन-तीन अंकांनी कठीण किंवा मोठ्या गाभ्याचे चाक घेणे हिताचे. तापमानाचाही परिणाम होतो. युरेथेन उष्णतेने मऊ पडते. वैशाखातल्या भर दुपारी तापलेल्या डांबरावर चाक जसे वागते, तसे ते थंडीतल्या पहाटे वागत नाही.

रुंदी आणि कड : पकड की घसरण?

चाकाचा जो पट्टा रस्त्याला टेकतो, त्याची रुंदी लाँगबोर्डमध्ये साधारणतः ३० ते ६० मिलिमीटर असते. रुंद पट्ट्यावर भार विभागला जातो, चाक स्थिर राहते आणि पकड वाढते. अरुंद चाक हलके असते व लवकर घसरते.

पकडीवर कडेच्या आकाराचा प्रभाव सर्वाधिक असतो. कडा काटकोनी आणि धारदार असतील, तर वळताना त्या रस्त्यात रुततात. उतारावर वेगाने वळणे घेणाऱ्यांना अशी चाके लागतात. त्यांची अडचण अशी, की पकड सुटते तेव्हा ती एकाएकी सुटते. गोलाकार कडांची चाके आधीपासूनच थोडी सैल असतात. ती हळूहळू घसरू लागतात आणि तशीच पुन्हा पकडीत येतात. चाके घसरवून थांबण्याचे तंत्र शिकणाऱ्याने म्हणूनच गोल कडांपासून आरंभ करावा.

नव्या चाकावर साच्यातून आलेला गुळगुळीत, चकचकीत थर असतो. तो झिजेपर्यंत चाकाचे खरे वर्तन कळत नाही. काही चाके कारखान्यातच घासून हा थर काढून विकली जातात. त्यांचा पृष्ठभाग खरखरीत दिसतो. चकचकीत चाके नुकतीच बसविली असतील, तर पहिले काही दिवस सपाट जागी बेतानेच चालवावीत.

गाभा : न दिसणारा आधार

बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा, तसा या चाकाला गाभा. बेअरिंग बसण्यासाठी युरेथेनच्या पोटात टणक प्लास्टिकचा हा भाग असतो. गाभा मोठा असेल तर त्याभोवतीचे युरेथेन पातळ राहते. असे चाक भाराखाली कमी दबते आणि गती टिकवते. गाभा लहान असेल तर युरेथेन जाड राहते, हादरे कमी जाणवतात. स्वस्त चाकांत गाभाच नसतो. बेअरिंग थेट युरेथेनमध्ये बसवलेले असते. वेगात आणि उष्णतेत ते तेथे किंचित तिरपे होऊ शकते.

गाभ्याचे स्थानही पाहावे. तो मधोमध असेल तर चाकाची दोन्ही अंगे सारखी असतात. एका बाजूने झिजले की ते उलटवून लावता येते आणि त्याचे आयुष्य वाढते. गाभा आतल्या कडेशी असेल तर चाक अधिक सहज घसरते. मात्र ते एका बाजूने शंकूसारखे झिजते. या दोहोंमधील रचनेत गाभा मध्यापासून किंचित सरकवलेला असतो. पकड आणि घसरण यांचा समतोल हवा असणाऱ्यांना ती मानवते.

बेअरिंगविषयीचा गैरसमज

स्केटबोर्डची चाके जवळजवळ सर्वत्र ६०८ या प्रमाणित मापाच्या बेअरिंगवर फिरतात. आतील भोक ८, बाहेरील व्यास २२ आणि जाडी ७ मिलिमीटर, असे हे माप. एका चाकात दोन, म्हणजे बोर्डाला आठ बेअरिंग लागतात. चाक कोणत्याही कंपनीचे असले तरी बेअरिंग बहुधा बदलावे लागत नाही, ते यामुळेच.

वेष्टनावरील 'एबेक' ३, ५, ७, ९ हे आकडे वेगाचे निदर्शक आहेत, असे दुकानांत सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. हे आकडे केवळ बनावटीतील मापांच्या अचूकतेचे आहेत. पोलादाची प्रत, वंगण आणि धूळ रोखणारी झाकणे यांविषयी ते काहीच सांगत नाहीत. धुळीने भरलेले महागडे बेअरिंग स्वच्छ, साध्या बेअरिंगपेक्षा मंदच फिरते. दोन बेअरिंगमध्ये बसणारी छोटी नळी, म्हणजे स्पेसर, मात्र आवर्जून वापरावी. ती बेअरिंग समांतर ठेवते आणि नट आवळल्यावर त्यांच्यावर आडवा ताण येऊ देत नाही.

चाक फळीला घासले तर

चाकांच्या निवडीतील सर्वांत धोकादायक चूक म्हणजे फळीला न पेलणारी मोठी चाके बसवणे. वळताना फळी एका अंगाला कलते. चाक मोठे असेल तर फळीची कड त्याला टेकते आणि चाक तत्क्षणी थांबते. बोर्ड जागीच अडकतो, स्वार मात्र मूळ वेगाने पुढे फेकला जातो. मातीच्या चाकांच्या काळात खडा जे करी, तेच येथे स्वतःची फळी करते.

याची चाचणी घरीच घेता येते. चाकांच्या वरच्या भागाला खडू फासावा, भिंतीचा आधार घेऊन बोर्डावर उभे राहावे आणि पूर्ण वजन एका कडेवर टाकावे. मग दुसऱ्या कडेवर. फळीच्या तळाला खडूचे डाग दिसले, तर ती चाके त्या रचनेत वापरू नयेत. उपाय तीन आहेत. फळी आणि चाकांचा आस धरणारा धातूचा सांगाडा, ज्याला या खेळात 'ट्रक' म्हणतात, यांच्यामध्ये ३ किंवा ६ मिलिमीटर जाडीची पट्टी घालता येते. ट्रकमधील रबरासारख्या कड्या अधिक कठीण घेता येतात, म्हणजे फळी कमी कलते. तिसरा उपाय, चाकांच्या जागी खाचा असलेली फळीच निवडणे. यांपैकी काहीही न जमल्यास लहान चाक घ्यावे, हे उत्तम.

आपल्याकडचे रस्ते

परदेशी कंपन्यांच्या शिफारशी गुळगुळीत डांबरी रस्ते गृहीत धरून केलेल्या असतात. मुंबई-पुण्यातील परिस्थिती निराळी आहे. एकाच गल्लीत सिमेंट काँक्रीटचे सांधे, पेव्हर ब्लॉकच्या फटी, उखडलेल्या डांबरातील खडी आणि गटारांची झाकणे भेटतात. अशा रस्त्यावर ७० मिलिमीटरहून लहान आणि ८० ए हून कठीण चाक नवशिक्याला जाचक ठरते. गृहसंकुलातील गुळगुळीत काँक्रीट किंवा बास्केटबॉलचे मैदान उपलब्ध असेल, तर कठीण चाकांचा विचार करता येईल.

पावसाळ्यात कोणतेही चाक पुरेसे नसते. ओल्या रस्त्यावर पकड घटते, रंगवलेले पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे निसरडी होतात, बेअरिंगमध्ये पाणी शिरून गंज चढतो. त्या दिवसांत बोर्ड घरी ठेवणे श्रेयस्कर. घाटरस्त्यांचा मोहही टाळावा. २०१७ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात पीटर कॉनली या ब्रिटिश स्वाराने उतारावर ताशी १४६.७३ किलोमीटरचा वेग गाठला होता. तशा प्रयत्नांमागे वर्षांचा सराव आणि पूर्ण संरक्षक पोशाख असतो. रहदारीच्या घाटात चाके कितीही उत्तम असली, तरी समोरून येणाऱ्या एसटीपुढे त्यांचा उपयोग नाही.

झीज आणि निगा

चारही चाके सारखी झिजत नाहीत. दर काही आठवड्यांनी पुढचे डावे चाक मागच्या उजव्या जागी आणि पुढचे उजवे मागच्या डाव्या जागी, अशी अदलाबदल करावी. गाभा मधोमध असेल तर चाके उलटवावीत. घसरताना चाक न फिरता एकाच जागी घासले गेले, तर तेथे सपाट डाग पडतो आणि पुढे प्रत्येक फेऱ्याला धडधड ऐकू येते. लहान डाग वापराने भरून येतो, मोठा राहतोच. युरेथेनचे तुकडे निघू लागले, गाभ्याला तडा गेला किंवा युरेथेन गाभ्यापासून सुटू लागले, तर ते चाक तत्काळ बाद करावे. बेअरिंग पुसून, विरघळवणाऱ्या द्रवात धुऊन, पूर्ण वाळवून मगच त्यात हलके वंगण घालावे. वंगण म्हणून खोबरेल तेल वापरू नये. ते थंडीत गोठते आणि धूळ धरते.

निवडीचा क्रम

प्रथम रस्ता पाहावा आणि त्यावरून काठिण्य ठरवावे. नंतर फळी व ट्रक पाहून, न घासता बसेल असा सर्वांत मोठा व्यास कोणता, हे खडूच्या चाचणीने निश्चित करावे. मग आपल्याला रस्ता धरून जायचे आहे की घसरायला शिकायचे आहे, यावरून कड आणि गाभा निवडावा. वजनानुसार काठिण्यात दोन-तीन अंकांचा फेर करावा. रंग आणि नाव सर्वांत शेवटी.

शहरात फिरण्यासाठी पहिलाच बोर्ड घेणाऱ्या, मध्यम वजनाच्या व्यक्तीला ७० मिलिमीटर व्यासाचे, ७८ ते ८० ए काठिण्याचे, किंचित गोल कडांचे आणि मधोमध गाभा असलेले चाक बहुतेक ठिकाणी उपयोगी पडेल. चित्राच्या फळीसाठी ठेवलेल्या पैशांतील काही भाग अशा चाकांकडे आणि उरलेल्यातील काही चांगल्या हेल्मेटकडे वळवला, तर तो खर्च वाया जाणार नाही.